उजव्या हाताचा चुकाओ

"पानं आणायला मी एकटा जाईन!" एलादिओनं जाहीर केलं आणि टेबलावर मूठ अशी आपटली, की त्याच्या सासूच्या चहातला चमचा उडून मांजराच्या पाठीवर पडला. "डोळे बांधून सोडा मला त्या जंगलात. झाडं फांद्या वर करून वाट देतील!"

"बाहेर पाऊस आहे," त्याची बायको एदुविना म्हणाली.

"पाऊस! पाऊस कधी नव्हता?"

हे मात्र खरं बोलला. आमच्या बेटावर पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही. पाऊस असतो. आभाळ असतं, बटाटे असतात, सासू असते, तसा. चुकून थांबलाच, तर लोक दारात येऊन वर बघतात, काही बिघडलं की काय!

एलादिओचं घर होतं जुन्या जंगलाच्या अगदी पोटाशी. लाकडी घर, आणि ओल अशी की भिंतीतून शेवाळ, छतातून भूछत्रं. मागच्या वर्षी एका खुर्चीच्या पायाला चक्क पालवी फुटली! त्या दिवशी एदुविनानं सांगून टाकलं, "बास झालं. घर खाली किनाऱ्यावर जाणार. चर्चशेजारी."

आता, आमच्याकडे जागा आवडेनाशी झाली तर माणसं नवं घर बांधत नाहीत. आहे तेच घर नेतात. घराखाली दोन लांब ओंडके बांधायचे, पुढे बैलांच्या जोड्या जुंपायच्या, गावातल्या सगळ्यांनी दोर धरायचे आणि घर ओढत न्यायचं, दारंखिडक्यांसकट. याला म्हणतात मिंगा. मिंगाला आलेला माणूस मजुरी मागत नाही. फक्त एकच गोष्ट मागतो. घर पोचलं की पोटभर कुरांतो.

कुरांतो म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यात तापून लाल झालेले धोंडे, धोंड्यांवर शिंपल्या, तिसऱ्या, मांस, बटाटे, किसलेल्या बटाट्याच्या भाकऱ्या. आणि वरून झाकायला नाल्काची पानं, एकेक पान छत्रीएवढं. पानं नीट बसली तर वाफ आत कोंडते. नाही बसली तर वाफ जाते ढगात, आणि यजमानाची अब्रू जाते गावभर!

फार पूर्वी आमच्या गावात एकाचा कुरांतो कच्चा राहिला होता. त्या बिचाऱ्याचं खरं नाव आज कुणाला आठवत नाही. त्याचा नातू एलादिओच्या वेळी पिकल्या केसांचा, स्वतःच्या मोठ्या होडीचा मालक होता. पण सगळा किनारा त्याला 'कप्तान कच्चा' म्हणायचा. त्याच्या पणतीला बारशाला नेलं, तर पाद्रीबाबाच बोलून गेले, "कच्च्यांची ना ही?"

एलादिओ भुताला भीत नव्हता, वादळाला भीत नव्हता. या नावाला मात्र तो झोपेतसुद्धा भीत होता. आज त्याची मिंगा होती. खाली किनाऱ्यावर धोंडे तापायला लागले होते. आणि पानं यायची होती.

"मागच्या ओढ्याकाठी नाल्का आहे की," एदुविना म्हणाली.

"ती? अगं, त्या पानांनी नाक पुसावं! मिंगाला पान हवं ते जुन्या जंगलाच्या आतलं. एकेक पान म्हणजे होडीचं शीड!"

"बरं, जा मग."

हे ती इतक्या चटकन म्हणाली, की दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला संशय आला असता. एलादिओला नाही आला. त्यानं घोंगडं अंगावर घेतलं, गमबूट चढवले आणि दारात उभा राहून बजावलं, "मी येईपर्यंत घराला कुणी हात लावायचा नाही! मालक नाही तर मिंगा नाही!"

"लावतोय कोण?" अंगणात बैलांच्या मानेवर जू बांधत नोल्बेर्तो म्हणाला. बेटावर त्याच्यासारखा बैल हाकणारा नव्हता. "जा बाबा, जा. सावकाश ये. काही घाई नाही."

रोसेन्दा आजी, म्हणजे एलादिओची सासू, चुलीशेजारच्या खुर्चीतून हलली नव्हती. हलणारही नव्हती. "घर निघालं तर मी घराबरोबर निघेन," तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. "चूल पेटलेली आहे, ती टाकून मी चिखलात चालू? आणि जावई, एक ध्यानात ठेवा. चुकाओ कुठल्या हाताला ओरडतो ते ऐका."

ते सांगायची गरजच नव्हती. चुकाओ म्हणजे मुठीएवढा पक्षी, तांबड्या छातीचा, सहसा दिसत नाही, नुसता ओरडतो. उजव्या हाताला ओरडला तर काम फत्ते. डाव्या हाताला ओरडला तर मुकाट मागं फिरायचं. आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरालाही डावं-उजवं कळतं ते या पक्ष्यामुळे.

एलादिओ जंगलात शिरला, आणि पहिल्याच वळणावर, 'चु-कौ-कौ-कौ!' अगदी उजव्या कानाशी!

"बघितलंस?" तो एका झाडाला म्हणाला.

जुन्या जंगलात पाऊस दोनदा येतो. एकदा आभाळातून आणि मग सावकाश झाडांवरून. तिथली झाडं इतकी म्हातारी, की त्यांच्या अंगावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर कोवळी रोपं, आणि त्या रोपांनाही पुन्हा शेवाळाच्या दाढ्या. सगळं हिरवं. खोडं हिरवी, दगड हिरवे, उजेडसुद्धा हिरवा. चालताना असं वाटावं, की आपण एखाद्या मोठ्या ओल्या प्राण्याच्या कुशीत शिरलो आहोत आणि तो घोरतो आहे. एलादिओला हे जंगल मनापासून आवडायचं. त्याला ते कळायचं नाही, एवढंच.

नाल्का मिळाली. आणि काय पानं! एकेकावर बछडं झोपवावं. त्यानं सपासप पानं कापली, वेलीनं भारा बांधून पाठीवर घेतला. भारा मानेपासून पार घोट्यापर्यंत आला. सगळ्यात मोठं पान त्यानं डोक्यावर उलटं घातलं, देठ वर करून, आणि कपाळाशी वेल गुंडाळली. झकास टोपी झाली. फक्त आता आजूबाजूचं काही दिसेना. दिसत होती ती स्वतःच्या बुटांची टोकं.

"बूट घरी निघाले, की मी पोचलोच," तो म्हणाला आणि परत फिरला.

तेवढ्यात, 'चु-कौ-कौ-कौ!'

डावीकडे!

एलादिओ जागच्या जागी थिजला. नियम काय? डाव्या हाताला ओरडला तर काम सोडून घरी फिरायचं. पण तो घरीच तर निघाला होता! घरी जाणं हेच काम असेल, तर फिरायचं कुठे? पावसात उभं राहून त्यानं पुष्कळ विचार केला. आणि मग त्याच्या डोक्यात असा काही प्रकाश पडला, की त्यानं स्वतःच्याच पाठीवर थाप मारली असती, पण मध्ये भारा होता.

तो जागेवर गर्रकन वळला. झालं! पक्षी आता उजव्या हाताला! शकुन चांगला! पक्ष्याला तरी तक्रार करायला जागा कुठे राहिली?

आणि तो ताठ मानेनं चालू लागला. जंगलाच्या आत.

थोड्या वेळानं पुन्हा चुकाओ. पुन्हा डावीकडे. एलादिओ पुन्हा वळला. पुन्हा चुकाओ, पुन्हा गिरकी. त्याचा समज असा, की हा एकच पक्षी हट्टानं मागे लागला आहे. त्या जंगलात चुकाओ किती म्हणाल? आमच्या चर्चमध्ये सणाला माणसं असतात त्याहून जास्त! आणि त्या दिवशी पावसानं सगळ्यांचेच गळे मोकळे झाले होते. एलादिओ त्या जंगलात भोवऱ्यासारखा फिरत होता, आणि प्रत्येक गिरकीला त्याचा शकुन आणखी आणखी चांगला होत होता!

चालता चालता तो एका ठिकाणी पोचला. तिथे नाल्काचे कापलेले देठ.

"चोर लेकाचे!" तो भडकला. "माझ्या मिंगाच्या दिवशी दुसरा कोण आला पानं न्यायला? आणि कापलीत तरी कशी! वेडीवाकडी! आंधळ्यानं कापावीत तशी!" खाली वाकून बघतो, तर चोराचा सुरा तिथेच राहिलेला. चांगला सुरा होता. मुठीवर नाव कोरलं होतं. एलादिओ.

त्यानं सुरा गुपचूप कमरेला लावला. आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं, आणि निघाला.

पुढे लागला पडलेल्या झाडांचा भाग. तिथे खोडांवर खोडं पडून वर मुळांची जाळी झालेली, तीवर पुन्हा झाडं उगवलेली. माणूस जमिनीला पाय न लावता नुसता मुळांवरून चालत जातो. चालता आलं तर. एलादिओचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. खालून कुठून तरी 'गुडूप' असा आवाज आला, जंगलानं घास गिळल्यासारखा.

"आत्ता कळलं!" एलादिओ म्हणाला. "एका पायात बूट आणि एका पायात नाही, म्हणून मी गोल फिरतोय!" बूट गेला होता आत्ता, आणि तो फिरत होता सकाळपासून, हा तपशील त्याच्या नजरेतून सुटला. त्यानं दुसराही बूट काढून गळ्यात अडकवला. मग लागली बांबूची जाळी. अंग चोरून, वाकून, रांगून तो तिच्यातून गेला. पाठीमागे 'टर्र टर्र' आवाज होत होता, पण पाठीमागे वळून बघणार कोण? वळलं की शकुन बदलतो!

आणि अचानक झाडं संपली. उजेड आला. त्यानं टोपी जरा मागे सारली. त्याचंच कुंपण, त्याच्याच कोंबड्या, त्याचंच पाण्याचं पिंप. दोरीवर वाळत घातलेली, म्हणजे भिजत घातलेली, त्याचीच लांब चड्डी.

घर नव्हतं.

एलादिओनं डोळे चोळले. कोंबड्या होत्या, घर नव्हतं. चड्डी होती, घर नव्हतं. जिथे दार असायचं तिथे मांजर बसलं होतं, आणि त्याच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न होता.

आता तुम्ही म्हणाल, सकाळी बैल जुंपलेले पाहिले होते ना यानं? पाहिले होते! पण 'मालक नाही तर मिंगा नाही' हे वाक्य त्यानं स्वतः उच्चारलं होतं, आणि स्वतःच्या वाक्यावर त्याचा फार विश्वास. म्हणजे घर जागेवर असणारच. म्हणजे ही जागाच ती नव्हे. दुसऱ्या कुणाची तरी, हुबेहूब तशीच!

"चड्डीसकट?" त्यानं स्वतःला विचारलं, आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. "त्राउको!"

त्राउको हा आमच्या जंगलातला बुटका. डोक्यावर वेलींची निमुळती टोपी, अंगावर झाडपाला, पायांना पावलं नाहीत. माणसाला चकवा लावावा तर त्यानंच. त्यानंच आज हे खोटं अंगण मांडलं होतं! यावर उपाय एकच. जंगलात परत शिरायचं आणि खऱ्या बाजूनं बाहेर यायचं.

"मला फसवतोस?" तो कोंबड्यांना म्हणाला आणि चालू पडला. धोंडे आता लालबुंद झाले असतील! पानांवाचून खड्डा उघडा! कानात पाद्रीबाबा म्हणत होते, "कच्च्यांचा ना हा एलादिओ?" तो पळत सुटला.

इकडे झालं होतं एवढंच. एलादिओ झाडाआड गेला, आणि एदुविनानं हात झटकले. "नोल्बेर्तो, हाका." बैल निघाले, दोर ताणले, घर कुरकुरलं आणि जंगलाच्या कडेकडेनं उतरणीच्या वाटेला लागलं. आत रोसेन्दा आजी चुलीशेजारी विणत बसलेली. धुराड्यातून धूर. आजीनं जाता जाता खिडकीतून वाटेवरच्या एका फांदीची दोन फळंही तोडून घेतली म्हणे.

उतरणीच्या वळणावर नेचे पुरुषभर उंच, आणि त्यांवर धुकं उतरलेलं. एलादिओ बरोबर त्या वळणाच्या वर बाहेर आला. बैल धुक्यात होते, माणसं नेच्यांत होती. त्याला दिसलं ते एवढंच. त्याचं घर पावसात एकटंच चाललं आहे. डुलत डुलत. धूर सोडत. खिडकीत त्याची सासू. आणि ती त्याच्याकडे बघून विणायची सुई हलवते आहे!

एलादिओच्या तोंडचं पाणी पळालं. भरपावसात पळालं, म्हणजे बघा! "घर मला शोधायला आलं!" असं ओरडून तो वळला आणि जंगलाकडे धावला.

'चु-कौ-कौ-कौ!' डावीकडे.

काय करणार? सवय! तो गर्रकन वळला आणि उतारावरून घरंगळत थेट क्लावेल नावाच्या पुढच्या बैलासमोर जाऊन उभा राहिला.

मिंगाच्या माणसांना काय दिसलं ते आता ऐका. धुक्यातून धपकन खाली आलेलं काहीतरी बुटकं. डोक्यावर निमुळती हिरवी टोपी. अंगभर पाला आणि देठं. पाय चिखलात बुडालेले, म्हणजे नाहीतच! गळ्यात एक काळा बूट, कुणा अभाग्याला खाल्ल्याची खूण!

"त्राउको!" कुणीतरी किंचाळलं.

दोर सुटले. माणसं पांगली. नोल्बेर्तो, ज्यानं बारा वादळांत बैल सोडला नव्हता, तो बैलाच्याही आधी पळाला! क्लावेलनं एकवार त्या हिरव्या टोपीकडे पाहिलं, हंबरडा फोडला आणि बाकीच्या जोड्यांना घेऊन उतारावरून सुटला. मागं घर! खड्डे, ओहोळ, चर्चचं कुंपण, कशाकशाला न जुमानता घर धावलं. धुराड्याची टोपी उडाली. घर टेकवायला चर्चशेजारी रोवलेले खांब मागे पडले. आणि किनाऱ्याच्या वाळूत एक अर्धी गिरकी घेऊन, कुरांतोच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर, घर फतकल मारून बसलं.

मग खिडकी उघडली. रोसेन्दा आजीनं डोकं बाहेर काढलं. समोर बरोबर चर्चचं दार, एका बाजूला समुद्र, आणि खाली तापलेला खड्डा.

"वा!" ती म्हणाली. "इथून सगळं दिसतं. आता हलवायचं नाही."

तेवढ्यात लंगडत, धापा टाकत त्राउको किनाऱ्यावर आला.

पळून पळून माणसं आता समुद्राला लागली होती. पुढे जागा नव्हती. नोल्बेर्तोला आजीचा जुना उपाय आठवला. त्राउकोपुढे वाळू फेकली, की तो कण मोजत बसतो. त्यानं मूठभर वाळू उचलली आणि फेकली ती नेमकी तोंडावर. "मोज! मोज, मेल्या!" मग सगळ्यांनीच मुठी भरल्या. "मोज! मोज!"

"मोजतोय कसला!" त्राउको ओरडला. "डोळ्यात गेली ना, गाढवांनो!"

एदुविनानं हात वर केला. "थांबा. हे बोलणं आमच्या घरातलं आहे."

तिनं पुढे होऊन टोपी उचलली. खाली एलादिओ. भुवयांत शेवाळ, मिशीत वाळू. पण तो कुणाकडे बघेना. तो बघत होता खड्ड्याकडे. "धोंडे! धोंडे निवले का? ही घे! शिडाएवढी पानं!" त्यानं भारा सोडून तिच्या पायाशी टाकला.

भाऱ्यात पानं नव्हती. बांबूच्या जाळीनं एकूणएक ओरबाडून घेतली होती. उरले होते नुसते देठ, आणि देठांना लोंबणाऱ्या चिंध्या.

एलादिओ मटकन वाळूत बसला. "संपलो!" तो पुटपुटला. "कच्चा! माझी पोरं कच्ची, नातवंडं कच्ची..."

"उठा," एदुविना म्हणाली आणि तिनं खड्ड्यावरचं एक पोतं उचललं. खाली पानं! अखंड, रुंद, एकावर एक नीट रचलेली, आणि त्यांच्या कडांमधून येणारी ती वाफ... शिंपल्या, धुरावलेलं मांस, बटाटे! समुद्रात गुडघाभर उभी असलेली माणसंही चार पावलं पुढे आली.

"ही कुठली पानं?"

"मागच्या ओढ्याकाठची. नाक पुसायची. कालच कापून ठेवली होती."

"मग मला कशाला पाठवलंस जंगलात?"

"मी पाठवलं?" एदुविना म्हणाली. "तुम्ही निघालात. मी अडवलं नाही, इतकंच. मागच्या मिंगाला तुम्ही पुढे उभे राहून 'डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या' करत होतात. त्या माणसाचं घर आजही डुकरांच्या गोठ्यात आहे."

"तरी आज घर जरा लांबच आलं," नोल्बेर्तो समुद्रातून म्हणाला.

मग सगळे जेवले. आणि काय जेवले! बटाटा जिभेवर ठेवला की विरघळत होता. कप्तान कच्चा स्वतः तीनदा वाढून घेऊन म्हणाला, "एलादिओ, तुझ्या घरात माझं नाव जाणार नाही रे, जन्मात नाही!" आणि एलादिओच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाचलो, त्याला वाटलं. पुढच्या सात पिढ्या वाचल्या. तो हात चोळत ताटाची वाट बघू लागला.

ताट आलं, खिडकीतून. रोसेन्दा आजीनं स्वतः वाढलेलं. शिंपल्या, मांस, भाकरी, आणि ताटाच्या कडेला, जिथे मीठ वाढतात तिथे, एक चिमूट वाळू.

"आधी मोजा, जावई," आजी म्हणाली. "मग जेवा."

तेव्हापासून आमच्या गावात कच्चे आहेत, आणि त्राउको आहेत. हे मला इतकं सविस्तर कसं माहीत, असं विचाराल, तर एलादिओ माझे आजोबा. मी या गावच्या शाळेत मुलांना गणित शिकवतो. दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात गेलो, की माझ्या टेबलावर वाळूचा एक लहानसा ढीग असतो, आणि सगळा वर्ग ओठ दाबून बसलेला असतो.

मग मी चष्मा पुसतो, खुर्ची ओढतो आणि मोजायला बसतो.

काय करणार? घराणं आहे!